दोलकाचा महिना आणि सोडलेलं गणित

कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला १०० पैकी ३८ गुण मिळाले. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत याच विषयात ९२ होते. मधे जेमतेम चार महिने गेले होते.

उत्तरपत्रिका घेऊन मी बराच वेळ वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले होते. लाल खुणा कुठे कुठे आहेत ते पाहत गेले, तर त्या बहुतेक एकाच जातीच्या प्रश्नांवर होत्या. एक प्रश्न असा होता: एका द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) ३ आणि दुसऱ्याचा ५, तर पहिल्यात हायड्रोजन आयनांची संहती दुसऱ्याच्या किती पट? मी लिहिलं होतं, ‘दोनने जास्त’. प्रश्नात ‘पट’ होतं आणि मी वजाबाकी करून मोकळी झाले होते. उत्तर आहे १०० पट. पीएचची व्याख्या मात्र मी त्याच पेपरात, त्याच्याच वरच्या प्रश्नात, शब्द न् शब्द बरोबर लिहिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा दहाच्या पायाचा ऋण लॉग. पाठ होतं सगळं. लॉग म्हणजे काय, हे कोणी विचारलं असतं तर ‘कॅल्क्युलेटरवरचं एक बटण’ यापलीकडे मला सांगता आलं नसतं.

हे असं का झालं, ते समजायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षाबद्दल लिहिते आहे, कारण शाळेच्या शेवटच्या वर्षांत असलेली आणि ‘पुढे विज्ञानच घ्यायचं आहे’ म्हणणारी मुलं भेटली की मला राहवत नाही.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत गणित सोडायची मुभा होती. मला जीवशास्त्र आवडायचं. प्राण्यांचं वर्गीकरण, पेशीच्या आकृत्या, हृदयाचे कप्पे, हे मी रंगवून रंगवून काढायचे. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: जीवशास्त्राकडे जायचं ना, मग गणिताचं ओझं कशाला? ते सोड, वेळ वाचेल, टक्के वाढतील. टक्के खरंच वाढले. त्या सल्ल्याचा मला आजही राग येतो. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे कळूनही येतो. सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने पुढची कोणती दारं जड होतील, हे त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला भौतिक, रसायन आणि जीव हे तिन्ही विषय सक्तीचे होते. मला वाटलं होतं, भौतिकशास्त्र जड जाईल, रसायनशास्त्र कसंबसं निभेल आणि जीवशास्त्रात मी पुढे असेन. जीवशास्त्रातच पहिला धक्का बसला, आणि तो धक्का गुणांच्याही आधीचा होता. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर एक घन काढला. बाजू एक एकक. पृष्ठफळ ६, घनफळ १. मग बाजू दुप्पट केली. पृष्ठफळ २४, घनफळ ८. ‘पेशी मोठी होत गेली तर तिच्या पडद्याचं काय होतं, सांगा.’ शाळेत मी हे उत्तर लिहिलं होतं: ‘लहान पेशीचं पृष्ठफळ जास्त असतं.’ त्याला गुणही मिळाले होते. मुळात ते वाक्यच चुकीचं आहे. लहान पेशीचं पृष्ठफळ कमीच असतं. जास्त असतं ते पृष्ठफळाचं घनफळाशी गुणोत्तर. इथे ६ ला १ चं २४ ला ८ झालं, म्हणजे ३ ला १. आतला पसारा आठपट वाढला आणि त्याला पोसणारा पडदा फक्त चौपट. एवढं पाहिलं की पेशी का विभागते, आतड्याला घड्या का असतात, याची निदान एक बाजू आपोआप समोर येते. मी ते वाक्य दोन वर्षं पाठ म्हणत होते आणि ‘गुणोत्तर’ हा त्यातला एकच कामाचा शब्द माझ्याकडून गळून गेला होता, कारण मला तो शब्द भरतीचा वाटायचा.

मग अनुवंशशास्त्र आलं. १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला नियम. एखादा अप्रभावी आजार, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही त्याचं जनुक आलं तरच होणारा, दहा हजारांत एकाला होत असेल, तर तो आजार स्वतःला नसताना त्याचं जनुक बाळगणारी माणसं किती? वर्गातल्या ज्या मुलांनी गणित सोडलं नव्हतं, त्यांनी दोन ओळींत उत्तर काढलं. दहा हजारात एक म्हणजे ०.०००१, त्याचं वर्गमूळ ०.०१, दुसऱ्या जनुकाचं प्रमाण ०.९९, दोघांचा गुणाकार करून दुप्पट केली की ०.०१९८. म्हणजे जवळपास पन्नासात एक. आजार दहा हजारांत एकाला, आणि त्याचं जनुक पन्नासातल्या एकाच्या अंगात! वर्गात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला ते आश्चर्य वाटून घेताच आलं नाही, कारण मी अजून पहिल्याच वर्गमुळाशी अडकले होते. ज्या विषयासाठी गणित सोडलं, तोच विषय मला गणित मागत होता.

भौतिकशास्त्राचं सविस्तर पुढे सांगते. तिथे मी नापास झाले.

आता शाळेतल्या एका महिन्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट अर्धीच राहील, आणि शाळेवर अन्यायही होईल.

दहावीत असताना विज्ञानाच्या सरांनी जवळजवळ एक महिना फक्त दोलकावर घालवला होता. एक दोरी, एक धातूचा गोळा, एक स्टॉपवॉच. दुसऱ्या तुकड्या तोवर दोन धडे पुढे गेल्या होत्या आणि आमच्या काही पालकांनी तक्रारही केली होती. सरांनी सूत्र सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘हा गोळा एकदा जाऊन परत यायला किती वेळ लागतो, मोजा.’ प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. एकाचं १.८ सेकंद, एकीचं २.३. सर म्हणाले, ‘मग खरं कोणाचं?’ अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की बटण दाबायलाच थोडा वेळ जातो, तर एकाऐवजी वीस झोके मोजू आणि विसाने भागू. बटण दाबायला लागणारा वेळ, समजा ०.२ सेकंद, दोन सेकंदांच्या एका झोक्यात दहा टक्क्यांची चूक करतो. तोच चाळीस सेकंदांत अर्ध्या टक्क्यावर येतो. ही युक्ती आमची होती. सरांनी फक्त भांडू दिलं.

मग गोळा बदलून पाहिला. वजन दुप्पट केलं, तरी वेळ तोच. आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसेना. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग दोरी बदलली. पाव मीटरच्या दोरीला एका झोक्याला साधारण एक सेकंद, एक मीटरच्या दोरीला दोन. दोरी चौपट, वेळ दुप्पट. लांबी आणि वेळ यांचा आलेख काढला तर रेषा वाकलेली. सर म्हणाले, ‘वाकड्या रेषेवरून काही सांगता येत नाही. हिला सरळ कशी कराल?’ दोन दिवस वेगवेगळे आकडे मांडून पाहिले, आणि वेळेचा वर्ग घेतल्यावर सगळे बिंदू एका सरळ रेषेत येऊन बसले. त्या दिवशी वर्गात जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. रेषेचा उतार चारच्या किंचित वर आला होता. त्या उतारातून सरांनी आमच्याकडून गुरुत्व त्वरण काढून घेतलं, तेव्हा कुठे सूत्र फळ्यावर आलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. तोपर्यंत आम्ही गोळा थोडासाच बाजूला नेऊन सोडत होतो. आता तो साठ अंशांपर्यंत नेऊन सोडायचा. झोका हळूहळू मंदावतो, म्हणून पहिले पाचच झोके मोजायचे आणि गोळा पुन्हा वर नेऊन सोडायचा, असं चार वेळा. बेरीज केल्यावर वीस झोक्यांना चाळीसच्या ऐवजी त्रेचाळीस सेकंदांच्या आसपास आले. आम्ही पुन्हा मोजलं. पुन्हा तसंच. ‘सूत्र चुकलं का, सर?’ ‘चुकलं नाही. ते लहान कोनापुरतं आहे. प्रत्येक सूत्राला विचारायचं, तू कुठपर्यंत?’

परीक्षेत दोलकावर दोन गुणांचा एक प्रश्न आला. तक्रार करणाऱ्या पालकांचं म्हणणं आकड्यांत खरं ठरलं. पुढच्या दोन वर्षांत मी तो महिना विसरूनही गेले, कारण नंतरचं सगळं शिक्षण उलट्या दिशेने गेलं. प्रॅक्टिकलला आम्ही उत्तर आधी पाहायचो आणि रीडिंग्ज त्याला जुळतील अशी मागून लिहायचो. जर्नल स्वच्छ, सही झालेली, आणि आत एकही आकडा स्वतः मोजलेला नाही.

कॉलेजच्या पहिल्याच टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून संहती काढायच्या प्रयोगाला, माझी तीन रीडिंग्ज आली: १९.८, १९.७ आणि २१.४. तिसरं पाहून मी खोडरबर शोधायला लागले. प्रयोगशाळेत मदतीला असणारी वरच्या वर्गातली ताई मागे उभी होती. म्हणाली, ‘खोडू नकोस. एक रेघ मार, वाचता येईल अशी, आणि बाजूला लिही काय झालं असेल ते. मग चौथं घे.’ चौथं १९.८ आलं. तिसऱ्या वेळी ब्युरेटच्या, द्रावण सोडायच्या मोजनळीच्या, टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला असावा, असं मी लिहिलं. ‘असावा’ हा शब्द मी जर्नलमध्ये पहिल्यांदाच वापरला होता.

पहिली चाचणी हातात पडल्यावर मी याच ताईकडे गेले. तिने पेपर नुसता चाळला आणि वहीच्या एका पानावर बारा प्रश्न लिहून दिले. त्यात विज्ञानाचा एकही नव्हता. तीन चतुर्थांशाला अर्ध्याने भाग. दहाचा ऋण तिसरा घात म्हणजे किती? एक राशी दुसरीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे. दुसरी तिप्पट केली तर पहिलीचं काय होईल? मीटर आणि सेकंदांचा आलेख असेल तर त्याच्या उताराचं एकक काय? असे. माझे पाच बरोबर आले. ती म्हणाली, ‘तुझं रसायनशास्त्र ठीक आहे गं. तू आठवीच्या गणितापासून सुरू कर.’

लाज वाटली. खोलीतल्या मुलींना दिसू नये म्हणून मी त्या पुस्तकाला वेगळं कव्हर घातलं होतं. रोज सकाळी चाळीस मिनिटं, अकरा आठवडे. गुणोत्तर, टक्केवारी, घातांक, समीकरणात राशी या बाजूची त्या बाजूला नेणं, आलेख. पुष्कळ भाग भराभर झाला. मेंदूत कुठेतरी होताच. लॉगपाशी मात्र मी मुक्काम केला, आणि तो मुक्काम मला सर्वांत जास्त देऊन गेला, म्हणून तो सांगते.

ताईने कॅल्क्युलेटर काढून घेतला आणि म्हणाली, ‘लॉग म्हणजे दहाचा कितवा घात घेतला की तो आकडा येतो, एवढंच. आता दोनचा दहावा घात किती?’ १०२४. ‘हजाराच्या जवळ ना? हजार म्हणजे दहाचा तिसरा घात. मग दोनचा लॉग?’ दहा वेळा घेतलेला दोनचा लॉग तीनच्या आसपास, म्हणजे एकाचा ०.३. मी जागच्या जागी उठून उभी राहिले. मग चारचा ०.६, आठचा ०.९. पाच म्हणजे दहा भागिले दोन, म्हणून १ वजा ०.३, ०.७. तीनसाठी: ८१ हा ८० च्या जवळ, ८० चा लॉग १.९; ८१ म्हणजे तीनचा चौथा घात, म्हणून १.९ भागिले ४, ०.४७५. सातसाठी: ४९ हा ५० च्या जवळ, १.७ च्या निम्मे, ०.८५. पुस्तकातले आकडे ०.४७७ आणि ०.८४५. एका पानावर मी स्वतःचं लॉगचं कोष्टक तयार केलं होतं, आणि त्यासाठी साध्या आकडेमोडीखेरीज काहीही लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चाचणीतली पीएचची सगळी गणितं कागदावर, मशीनशिवाय सोडवली. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल: दोन गुणिले दहाचा ऋण तिसरा घात, म्हणून ३ वजा ०.३, २.७. पाणी घालून दसपट पातळ केलं की ३.७. आता ‘दसपट’ आणि ‘एकने जास्त’ यांच्यातला संबंध मला डोळ्यांनी दिसत होता.

सहामाहीच्या शेवटी रसायनशास्त्रात ५७ झाले. भौतिकशास्त्रात ३१, म्हणजे नापास. पुढच्या वर्षी तो कोर्स पुन्हा घ्यावा लागणार होता.

तिथला घोळ निराळ्या जातीचा होता, आणि तो नुसत्या गणिताने सुटण्यासारखा नव्हता. शाळेत गतीची तीन समीकरणं माझी इतकी पाठ होती की प्रश्न वाचता वाचताच कोणतं लावायचं ते हात ठरवायचा. परीक्षेत एक वस्तू हवेतून पडत होती आणि हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत होता. मी तिसरं समीकरण लावून उत्तर काढलं. प्राध्यापकांनी समासात एवढंच लिहिलं होतं: ‘त्वरण स्थिर आहे का?’ शाळेचं पुस्तक उघडून पाहिलं. तिन्ही समीकरणांच्या वरच्या ओळीत स्पष्ट छापलं होतं, ‘त्वरण स्थिर असताना’. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. चौकटीतलं तेवढं वाचलं होतं. आणि ‘तू कुठपर्यंत?’ हे विचारायला मला एका माणसाने दहावीतच शिकवलं होतं! दोलकाला विचारलेला प्रश्न मी बाकी कोणाला विचारलाच नाही. तो आपोआप दुसरीकडे जात नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा तिथे नेऊन ठेवावा लागतो.

दुसरी चूक जास्त खोल होती. वर फेकलेला चेंडू. हाताबाहेर गेल्यावर, वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं? हवा विचारात घ्यायची नाही. मी दोन बाण काढले होते: वर ‘हाताचं बल’, खाली गुरुत्व, आणि वरचा बाण मोठा. शिखरावर दोन्ही सारखे. उतरताना खालचा मोठा. दिसायला किती पटण्याजोगं! सगळं चूक. हात सुटला की हाताचं बल संपलं. वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना बल एकच, गुरुत्वाचं, आणि तेवढंच. न्यूटनचे तिन्ही नियम म्हणून दाखवणारी मी बाण काढताना न्यूटनच्या आधीच्या काळात जात होते.

यात मी एकटी नाही हे नंतर समजलं, तेव्हा फार बरं वाटलं. १९९२ साली हेस्टेनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या कल्पना तपासणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच. असे साधे प्रश्न, आणि पर्यायांमध्ये लोकांच्या मनातल्या नेहमीच्या चुका. गणितं उत्तम सोडवणारे विद्यार्थीही तिच्यात अडखळतात. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी अशीच प्रश्नावली आपल्या वर्गाला दिली आणि त्यांना आपली शिकवण्याची पद्धतच बदलावी लागली. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांपेक्षा, जिथे मुलं आपसांत बोलून, आधी अंदाज बांधून, मग पडताळून शिकतात, तिथली प्रगती सरासरीने सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गातलं ते अर्ध्या तासाचं भांडण!

आणखी दोन अभ्यास मला नेमके माझ्याबद्दल लिहिल्यासारखे वाटले. अमेरिकेत फिलिप सॅडलर आणि रॉबर्ट टाय यांनी हजारो कॉलेज विद्यार्थ्यांच्या शालेय शिक्षणाची माहिती घेऊन ती त्यांच्या पहिल्या वर्षाच्या विज्ञानातल्या गुणांशी ताडून पाहिली. २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा गाभा असा: शाळेत जो विज्ञानविषय जास्त शिकलात, त्याचा उपयोग कॉलेजात त्याच विषयाला होतो. शाळेतलं जास्तीचं जीवशास्त्र कॉलेजच्या रसायनशास्त्राला किंवा भौतिकशास्त्राला उचलत नाही. तिन्ही विषयांना हात देणारा विषय एकच निघाला, गणित. मी ते वाचलं तेव्हा सकाळची चाळीस मिनिटं चालू होती. पुस्तकाचं ते वेगळं कव्हर मी त्या दिवशी काढून टाकलं.

दुसरा अभ्यास त्याच गटाचा, २००९ सालचा. शाळेत ज्यांनी विज्ञानातलं किमान एक मोठं प्रकरण महिनाभर किंवा त्याहून जास्त वेळ देऊन खोलात शिकलं होतं, त्यांना कॉलेजच्या विज्ञानात जास्त गुण मिळत होते. सगळे धडे उरकून घेणाऱ्यांना रसायन आणि भौतिकमध्ये काही फायदा दिसला नाही, जीवशास्त्रात तर तोटाच दिसला. एक महिना! सरांना हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, याची जाणीव मला आहे. गणित ठेवणारी मुलं आधीपासूनच वेगळी असू शकतात; त्यांच्या घरची परिस्थिती, शाळा, आवड. संशोधकांनी यातल्या बऱ्याच गोष्टींचा हिशेब धरला होता, तरी काही राहतंच. पण माझ्याबाबतीत तो महिना नेमका कुठे उपयोगी पडला, ते मी दाखवू शकते.

दुसऱ्या सहामाहीत रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला अभिक्रियेचा वेग मोजायचा होता. फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग तीव्र अल्कलीत हळूहळू उडत जातो. तो किती उरला ते कलरीमीटरवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, ठरावीक वेळाने वाचायचं. ०.८० वरून सुरुवात, मग कमी कमी. आलेख काढला तर उतरत जाणारी वाकडी रेषा. आमच्या गटातल्या मुली सुरुवातीच्या बिंदूंवर पट्टी ठेवून उतार काढायच्या बेतात होत्या. आणि मला एकदम तो जुना वर्ग आठवला. वाकड्या रेषेवरून काही सांगता येत नाही. हिला सरळ कशी कराल? मी वर्ग करून पाहिला, जमेना. मग लक्षात आलं, ०.८० चं ०.४० व्हायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच ०.४० चं ०.२० व्हायला लागला आहे. सारख्या वेळात सारखी वजाबाकी होत नाही, सारखा भागाकार होतो. आणि भागाकाराची वजाबाकी करून देणारी गोष्ट तर मी अकरा आठवडे घोटली होती. लॉग घेतले. बिंदू सरळ रेषेत आले.

तो प्रयोग तसा साधाच. मॅन्युअलमध्ये पुढच्या पानावर लॉग घ्यायला सांगितलंच होतं. आम्ही पान उलटलं नव्हतं इतकंच. पण त्या दिवशी दहावीतला दोलक आणि उशिरा शिकलेलं गणित माझ्या हातात पहिल्यांदा एकत्र आले. दोन्हींपैकी एक जरी नसतं तरी मी पट्टी ठेवून मोकळी झाले असते.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल थोडंसं. शाळेत मी धडा चार-पाच वेळा वाचायचे, वाक्यांखाली रंगीत रेघा मारायचे. कॉलेजात एका धड्याला तेवढा वेळ मिळत नाही, आणि वाचलेलं ओळखीचं वाटलं की येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हे तपासून दाखवलं होतं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवतं, आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवायचा सराव केलेले पुढे असतात. मी पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिहायला लागले. पहिले काही आठवडे कागद बहुतेक कोराच राहायचा, आणि ते पाहवत नसे. पण कोरा कागद खोटं बोलत नव्हता.

दुसरी गोष्ट, मी एकटीने अभ्यास करणं सोडलं. हे मला सर्वांत जड गेलं, कारण शाळेत हुशार मुलगी म्हणून मला कोणाला काही विचारायची सवयच नव्हती. सत्तरच्या दशकात बर्कले विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी पाहिलं होतं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कित्येक मुलं कष्ट भरपूर करत होती, फक्त एकेकटी करत होती. त्यांना एकत्र बसवून अवघड गणितं दिली, सोपी नव्हे, तेव्हा त्यांचे निकाल बदलले. शाळेतली तयारी कच्ची असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तयारीचा परिणाम मोठा असतो, पण तो पहिल्या वर्षातच पक्का होऊन बसत नाही. आम्ही चौघी जमायचो. एकीने फळ्यावर सोडवायचं, बाकीच्या तिघींनी प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारायचं. मी पहिल्यांदा फळ्यापाशी गेले तेव्हा तिसऱ्या ‘का’ला गप्प झाले. कोणी हसलं नाही. आम्ही चौघीही तिसऱ्या ‘का’लाच गप्प होत होतो.

पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचा कोर्स पुन्हा घेतला. वर्ग एक वर्ष लहान मुलांचा. पहिल्या आठवड्यापासून मी प्रत्येक सूत्राच्या खाली एक ओळ सोडून लिहायला लागले: ‘कुठपर्यंत?’ स्प्रिंगचा नियम, ती फार ताणली जात नाही तोवर. घर्षणाचं सूत्र, कोरड्या पृष्ठभागांपुरतं आणि अंदाजेच. काही सूत्रांखालची जागा रिकामी राहायची, मग ती घेऊन मी प्राध्यापकांकडे जायचे. पहिल्या वर्षी मी त्यांच्या खोलीत एकदाही गेले नव्हते. दुसऱ्या खेपेला दर आठवड्याला जात होते, आणि एकदा ते स्वतःच म्हणाले, ‘हा प्रश्न मी पुढच्या तासाला सगळ्यांनाच विचारतो.’

कोर्सच्या शेवटी ६८ गुण मिळाले. एक वर्ष मागे पडले ते पडलेच. माझ्या बरोबरच्या मैत्रिणी पुढे गेल्या होत्या.

आता कधी कधी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत मदत करते. शाळेत गणित सोडू का, असं कोणी विचारलं तर मी ‘सोडू नकोस’ म्हणते आणि घनाची ती आकृती काढून दाखवते: ६ ला १, मग २४ ला ८. मार्क थोडे कमी पडले तरी चालतील, पण गणित हातात राहू दे, एवढंच सांगते.

चेंडूचा प्रश्न शेवटच्या परीक्षेत पुन्हा आला होता. मी एकच बाण काढला, खालच्या दिशेचा, तिन्ही ठिकाणी सारख्याच लांबीचा. उत्तर बरोबर आलं. पण वर जाणाऱ्या चेंडूची आकृती दिसली की मनात पहिला बाण अजूनही वरचाच उमटतो. मग मी क्षणभर थांबते, हात कधी सुटला ते आठवते, आणि तो बाण पुसते.